तेच ट्रफल, तेवढंच, तरी दोन टोकांचे अनुभव कसे?

कोकणी_पाऊस:
माझा मावसभाऊ नेदरलँड्सला असतो, तिथे सायलोसायबिनवाले (म्हणजे भास घडवणारं द्रव्य असलेले, मश्रूमसारखे) ट्रफल दुकानात कायदेशीर मिळतात. पहिल्यांदा अॅमस्टरडॅममध्ये धड ओळख नसलेल्या पोरांबरोबर घेतलं, नोकरी नुकतीच गेलेली, बाहेर शनिवारची गर्दी, आपण वेडे झालो असं वाटून रात्रभर रडला. वर्षाने तेच ट्रफल तेवढंच मित्राच्या घरी घेतलं तर म्हणे इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं. खरंच असं होतं का?

रात्रपाळी:
होतं. सेट अँड सेटिंग म्हणतात याला, मनात काय घेऊन बसलात आणि कुठे, कोणाबरोबर बसलात. एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य शोधणाऱ्या केमिस्ट हॉफमनचंच बघ, 19 एप्रिल 1943 ला बाझेलमध्ये 250 मायक्रोग्रॅम एलएसडी घेऊन सायकलवर घरी गेला, दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकीण दिसायला लागली, वाटलं आता मरतोय. डॉक्टरने तपासलं तर नाडी, बीपी नॉर्मल, फक्त डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. मग भीती हळूहळू गेली आणि डोळे मिटल्यावर दिसणारे रंग त्याला चक्क आवडायला लागले.

मधली_सुट्टी:
तोवर असर ओसरायलाही लागला असेल पण. मला 1962 चा गुड फ्रायडेचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. बोस्टनचं मार्श चॅपेल, धर्मशास्त्राचे 20 विद्यार्थी, निम्म्यांना सायलोसायबिन, वर प्रार्थना चालू आणि खाली तळघरात ती स्पीकरवर ऐकू येतेय. गोळीवाल्यांपैकी बहुतेकांना खोल धार्मिक अनुभव आला. पण एकजण चॅपेलमधून बाहेर पळाला, त्याला इंजेक्शन देऊन शांत करावं लागलं, आणि ते नीट बाहेर आलं 1991 मध्ये, डॉब्लिन नावाच्या संशोधकाने त्या लोकांना पुन्हा गाठलं तेव्हा. म्हणजे जागा पवित्र, माणसं श्रद्धाळू, तरी खात्री नाहीच.

सावंतवाडीकर:
म्हणून तर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सायलोसायबिनच्या अभ्यासात आधी कितीतरी तास नुसतं बोलतात, मग सोफा, डोळ्यांवर पट्टी, संगीत, शेजारी दोन माणसं. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर घेतच नाहीत. आणि आपल्याकडे गोव्यात पार्टीत कोणीतरी एलएसडी म्हणून कागदाचा तुकडा हातात ठेवतो, त्यात काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, वर एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) आणि पोलिसांची धास्ती. कळकळीने सांगतो, नका घेऊ असं.

कोकणी_पाऊस:
आत्ताच भावाशी बोललो. म्हणाला दुसऱ्या वेळी पण मधेच घाबरलो होतो, पण मित्राची बायको जवळ येऊन बसली, म्हणाली मी इथेच आहे, दोन-तीन तासांत उतरेल. मग परत पडून राहिला.