जागा बदलणारा मंद तारा: प्रकार कसा ठरवायचा?

नौपाडाकर:
नमस्कार मंडळी. पाऊस सुरू झाला, आता वांगणीच्या आकाशनिरीक्षणाच्या रात्री दिवाळीनंतरच. म्हणून घरी अलादिनवर (आकाशाचे फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर) पालोमार वेधशाळेच्या जुन्या फोटो-प्लेटा ताडून बघतोय. 1950च्या दशकातल्या तांबड्या प्लेटवर 15व्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) एक तारा आहे. 1990च्या दशकातल्या प्लेटवर शेजारचे सगळे जागच्या जागी, हा मात्र अर्ध्या कलेहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जास्त सरकलाय. वीसेक वेळा आलटून पालटून पाहिलं, नजरेचा भास नाही. हा आहे कोण?

खारघर_दुर्बीण:
लघुग्रह नक्कीच नाही, तो काही तासांतच निसटला असता. ही ताऱ्याची निजगती, म्हणजे आकाशात त्याचं स्वतःचं सरकणं. भुजंगधारी तारकासमूहातल्या बर्नार्डच्या ताऱ्याची वर्षाला 10.4 विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), सर्वात जास्त. 1916 साली लक्षात आली. तुमचा वर्षाला पाऊण-एक विकला सरकतोय, म्हणजे जवळचाच.

कळवा_गच्ची:
दादा, 'जवळचाच' इतक्यात नको. लांबचा पण भन्नाट वेगाचा जुना उपबटूही (नेहमीच्या ताऱ्यांहून जरा मंद तारा) असाच सरकतो. आधी गाया या अवकाश दुर्बिणीच्या तिसऱ्या यादीत पराशय बघा, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते तशी ताऱ्याची जागा किती हललेली दिसते ते; त्यावरून अंतर कळतं. शोधताना त्रिज्या दोन कला ठेवा, कारण यादीतल्या जागा 2016च्या आहेत. मी एकदा जुन्या प्लेटवरची जागा घेऊन पाच विकलांत शोधलं, भलताच तारा हाती लागला आणि आठवडा वाया गेला.
पराशय 50 मिलिविकला (विकलेचा हजारावा भाग) निघाला तर अंतर 65 प्रकाशवर्षं, निरपेक्ष प्रत (अंतराचा परिणाम काढून उरणारी खरी तेजस्विता) 13.5. मग रंग बघायचा. गायाच्या निळ्या आणि तांबड्या प्रतींतला फरक 3च्या वर असेल तर लाल बटू (छोटा, थंड तारा), 1च्या आत असेल तर श्वेतबटू (ताऱ्याचा उरलेला विझता गाभा). नुसत्या रंगावर जाऊ नका; फरक 0.7 तर सूर्यासारख्या ताऱ्याचाही असतो. शेवटचा शब्द वर्णपटाचा: लाल बटूत टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे दिसतात.

नौपाडाकर:
ताई, सापडला! पराशय 48, फरक 0.7. इतक्या जवळ असून इतका मंद, म्हणजे सूर्यासारखा नाही, श्वेतबटू! सिंबादवर (ताऱ्यांची ऑनलाइन माहितीसूची) त्याची नोंद आधीपासून आहे, पण त्याने आनंद कमी झाला नाही. पृथ्वीएवढा विझत चाललेला निखारा, 68 प्रकाशवर्षांवरचा, आणि मी त्याला नौपाड्यातून सरकताना पाहिलं. त्याची आजची जागा स्वतः टिपायची आहे. 8 इंची दुर्बिणीला एक्स्पोजर किती देऊ?

खारघर_दुर्बीण:
घाईने बोललो, ताईंचं बरोबर. माउंट (दुर्बिणीची फिरती बैठक) नीट मागोवा घेत असेल तर 30 सेकंदांच्या चाळीसेक फ्रेम घ्या आणि स्टॅक करा, म्हणजे एकावर एक मिळवा. अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. मीही येतो वांगणीला.