शब्दचर्चा: पार्सिंग, सिंटॅक्स ट्री आणि ‘प्रक्षेप’

शंका: प्रोग्रामचा मजकूर वाचून त्याची रचना ओळखणं म्हणजे पार्सिंग, आणि ती रचना ज्या झाडात मांडतात तो सिंटॅक्स ट्री. ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट सिंटॅक्स ट्री’ला ‘अमूर्त वाक्यरचना वृक्ष’ म्हणणं पटतं का? आणि ‘पार्सिंग’ला काय म्हणावं?

– पार्सिंगसाठी शब्द घडवायला नको, शाळेच्या व्याकरणात तो आहेच: वाक्यपृथक्करण. तिथे उद्देश्य आणि विधेय वेगळं काढतात, इथे २+३*४ चे भाग पाडतात. झाडाच्या मुळाशी बेरीज; तिच्या डावीकडे २, उजवीकडे गुणाकार; गुणाकाराखाली ३ आणि ४. त्याआधी लेक्सर (मजकुराचे सुटे तुकडे पाडणारा भाग) जे करतो तो पदपरिस्फोट.

– पदपरिस्फोट नको. त्यात विभक्ती येते, पदाचा वाक्यातल्या इतर पदांशी संबंधही येतो. लेक्सर फक्त तुकडे पाडतो आणि ‘ही संख्या, हे चिन्ह’ एवढंच सांगतो. ‘पदच्छेद’ जास्त जवळचा.

– ‘पदच्छेद’ मान्य. खरी अडचण ‘अमूर्त’ची आहे. या झाडात हाताला न लागणारं असं काही नसतं. अर्थाला नको ते गाळलेलं असतं, इतकंच. (२+३)*४ चं झाड पाहा: मुळाशी गुणाकार येतो आणि कंस कुठेच दिसत नाहीत, कारण त्यांचं काम झाडाच्या आकारानेच केलं. म्हणून ‘सारवृक्ष’. गाळलेलं परत येत नाही, हेही त्या शब्दातून कळतं. पायथॉन भाषेत ३.९ आवृत्तीपासून असलेल्या एएसटी.अनपार्स (ast.unparse) या फंक्शनने झाडाचा पुन्हा मजकूर करून बघा: कॉमेंट (कोडमधल्या, माणसांसाठीच्या टिपा) गेलेल्या असतात, सोळाच्या पायात लिहिलेल्या ०एक्स१० (0x10) चं दशमान १६ झालेलं असतं. त्यामुळे कोड आपोआप बदलणारं साधन लिहिताना सारवृक्ष पुरत नाही. कंस, मोकळ्या जागा, कॉमेंट सगळं राखणारं झाड लागतं. त्याला ‘पूर्णवृक्ष’ म्हणू.

– आणि ‘प्रोजेक्शनल एडिटर’? उदाहरणार्थ, जेटब्रेन्स कंपनीच्या एमपीएस या साधनात साठवलं जातं ते झाडच. पडद्यावर त्याचा कधी मजकूर दिसतो, कधी तक्ता.

– ‘प्रक्षेपी संपादक’. भूगोलातलं नकाशा प्रक्षेपण आठवा: गोल एकच, नकाशे अनेक. ‘दृश्य’ नको, तो शब्द डेटाबेसवाल्यांनी ‘व्ह्यू’साठी आधीच घेतलाय.

– चालेल, पण व्याख्येत एक भर हवी. नकाशावर रेघ ओढून पृथ्वी बदलत नाही. इथे तक्त्यातला चौकोन बदलला की झाड बदलतं. शिवाय एमपीएसची फाइल एक्सएमएलमध्ये (खुणांनी मांडलेल्या मजकुरात) असते, त्यामुळे गिटने (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाने) दाखवलेला ओळीओळींचा फरक वाचून काही कळत नाही. दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना गिटला एमपीएसचंच मर्ज साधन जोडावं लागतं.