मदत हवी आहे: आई-बाबांचं ग्रीन कार्ड, भारतात दहा महिने झाले

तावरजाकाठ: आई-बाबांना (वय 64 आणि 68) अमेरिकेचं ग्रीन कार्ड धाकट्या भावामुळे मिळालं, तो तिथला नागरिक आहे. गेल्या 20 ऑगस्टला दोघं औशाला आले. डिसेंबरात लातूरला बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुक्काम लांबला. आता पेरणी चालू आहे. सोयाबीनची रास झाली की ऑक्टोबरात जाऊ, असं बाबा म्हणतात. कार्डाची मुदत अजून 7 वर्षं आहे. चालेल का? री-एंट्री परमिट (जास्त दिवस बाहेर राहूनही परत प्रवेश मिळावा म्हणून आधी काढायचा परवाना) इथूनच काढता येईल का?

बालाघाटी: दादा, ऑक्टोबर नको. 20 ऑगस्टच्या आत दोघंही तिथे पोचलेच पाहिजेत. ती 7 वर्षं कार्डाची आहेत, बाहेर राहण्याची नाहीत. सलग एक वर्ष उलटलं की नुसत्या कार्डावर प्रवेश मिळत नाही. विमान कंपनी मुंबई-हैदराबादलाच अडवू शकते. मग उरतो एसबी-1 व्हिसा, म्हणजे मुदतीत परत न गेलेल्या ग्रीन कार्डवाल्यांचा व्हिसा. त्यासाठी अमेरिकेच्या कॉन्सुलेटात डीएस-117 हा फॉर्म भरून, परत न जाण्याचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे पटवावं लागतं. ऑपरेशनातून बरा झालेला माणूस राशीसाठी थांबला, हे त्यात बसत नाही.

परमिट इथून निघत नाही. त्याचा फॉर्म आय-131 भरताना माणूस अमेरिकेत हजर लागतो. म्हणून जुलैच्या सुरुवातीचं तिकीट काढा, पोचल्याबरोबर दोघांचे वेगवेगळे अर्ज भरा आणि बोटांचे ठसे होईपर्यंत थांबा. बहुतेकांचं इथंच बिघडतं: पावती आली की निघतात, ठसे राहतात आणि अर्ज फेटाळला जातो. ठशांची तारीख कधी मिळेल ते सांगता येत नाही, तेव्हा परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्या. ठसे झाले की रास करायला खुशाल या. परमिट यायला कित्येक महिने लागतात, म्हणून ते मुंबईच्या कॉन्सुलेटात पाठवा, असं अर्जातच नोंदवा. ते 2 वर्षांचं असतं आणि वाढवून मिळत नाही. पुन्हा हवं तर पुन्हा तिथे जाऊनच अर्ज. फी बदलत राहते, भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) साइटवर बघा.

गोदाकाठ: 180 दिवस ओलांडलेत, त्यामुळे विमानतळावर नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते. डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं इंग्रजीतलं तारखांसह पत्र, फिजिओथेरपीच्या पावत्या, तिथलं बँक स्टेटमेंट, राज्याचं ओळखपत्र, टॅक्स रिटर्न आणि दोघं आपल्याच घरी राहतात असं भावाचं पत्र, हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. अधिकाऱ्यानं आय-407 पुढे केला तर सही करू नका. तो कार्ड सोडल्याचा अर्ज आहे आणि सही ऐच्छिक असते. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, निकाल लागेपर्यंत ग्रीन कार्डचा दर्जा टिकतो. बाबांना इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागायला आधीच सांगून ठेवा.

आणि दर सहा महिन्यांनी पंधरा दिवस जाऊन आलं की कार्ड टिकतं, यावर विसंबू नका. घर कुठे आहे आणि परत येण्याचा इरादा आहे का, हे तपासतात.

तावरजाकाठ: तिकीट बघतो. शेत बटईनं आहे, ते उत्पन्न तिथे दाखवायचं का?

बालाघाटी: हो. इथे शेती उत्पन्न करमुक्त असलं तरी तिथे जगभरचं उत्पन्न मोजतात. टॅक्स रिटर्न रहिवाशांच्या 1040 फॉर्मवर भरा, अनिवासींच्या 1040-एनआरवर कधीच नाही. त्यानं आपणच अनिवासी असल्याचं लिहून दिल्यासारखं होतं. उत्पन्न मर्यादेखाली असलं तरी भरा, पुरावा तयार होतो. एफडीचं व्याज जानेवारी ते डिसेंबर असं काढा, बँकेचा दाखला एप्रिल-मार्चचा असतो. बँक आणि पतसंस्था मिळून सगळ्या खात्यांची शिल्लक वर्षात एकदाही 10,000 डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देण्याचा फॉर्म) भरावा लागतो. जोडखात्याची पूर्ण रक्कम दोघांच्याही हिशोबात धरतात.

गोदाकाठ: एकदा बाबांनाच विचारा, पुढची पाच वर्षं कुठे राहायचंय? औशालाच म्हणत असतील तर स्वतःहून आय-407 भरून पर्यटक व्हिसा मागणं बरं. व्हिसा मिळेलच असं नाही. पण मुलगा नागरिक आहे, त्यामुळे पुढे मन बदललं तर त्याला पुन्हा अर्ज करता येतो आणि आई-वडिलांना कोट्याची रांग नसते. नागरिकत्व हवं असेल तर मात्र परमिटच्या भरवशावर राहू नका, एकावेळी सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग 5 वर्षांच्या वास्तव्याचा हिशोब तुटू शकतो.