मदत हवी आहे: ‘बिकम ओशन’ सामूहिक श्रवणासाठी आवाजाची मांडणी

अमेरिकन संगीतकार जॉन लूथर अ‍ॅडम्स यांची ‘बिकम ओशन’ (सिएटल सिम्फनी वाद्यवृंदाकडून पहिलं सादरीकरण 2013, संगीताचं पुलित्झर पारितोषिक 2014) ही वाद्यवृंदाची रचना साधारण चाळीसेक जणांना ऐकवायची आहे. सलग 42 मिनिटं, मध्यंतर नाही.

वाद्यवृंदाचे तीन गट लांब लांब बसतात: सुषिर काष्ठवाद्यं, पितळी वाद्यं आणि तंतुवाद्यं. प्रत्येक गटाची चढत-उतरत जाणारी आवाजाची लाट वेगळ्या लांबीची, त्यामुळे तिन्ही उसळ्या मोजक्याच वेळी एकत्र येतात. मध्यावरून संगीत उलटं फिरतं. चाल शोधणाऱ्याला इथे काही सापडत नाही, ऐकायचा तो हा आवाजांचा दाट थर.

अडचण अशी, की दोन स्पीकरवर तिन्ही गट एकमेकांत कालवले जातात. सुरुवातीची खर्जातली गुरगुर पंख्याच्या आवाजात बुडते. तिच्यासाठी आवाज वाढवला की पहिल्याच शिखराला स्पीकर फाटतो. नाइट मोड, ऑटो लेव्हल (मोठा-लहान आवाज आपोआप सारखा करणाऱ्या सोयी) सुचवू नका, त्याने लाटाच सपाट होतात.

अल्बमसोबतच्या डीव्हीडीत सराउंड मिक्स (पुढे-मागे ठेवलेल्या अनेक स्पीकरसाठीचं ध्वनिमिश्रण) आहे. 20 बाय 30 फुटांच्या खोलीत मागचे स्पीकर किती उंचीवर आणि सबवूफर (खर्जाचा स्पीकर) कोपऱ्यापासून किती दूर ठेवावा? आवाजाची पातळी शिखरावर लावायची, की सुरुवातीवर?