पीसी घ्यावा की कन्सोल? साठ हजारांत, दहावी झालेला मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने आमच्या घरात जेवताना हाच एक विषय असतो, म्हणून इथे विचारते.

मुलाची दहावी झाली, कॉम्प्युटर डिप्लोमाला प्रवेश नक्की होतोय. निकाल चांगला लागला तर गेम खेळायला काहीतरी घेऊन देऊ, असा शब्द त्याच्या बाबांनी दिला होता. निकाल चांगलाच लागला. त्याला पीसी हवा आहे, कारण वर्गातली चार-पाच मुलं रोज रात्री व्हॅलोरंट नावाचा ऑनलाइन गेम खेळतात आणि हा नुसता फोनवर ऐकत बसतो. धाकटी नऊ वर्षांची. मे महिन्यात पुण्याला आत्याकडे पीएस५ वर (टीव्हीला जोडायचा सोनीचा कन्सोल) दोघं भावंडं सोफ्यावर बसून ‘इट टेक्स टू’ खेळली, तेव्हापासून तिला ‘तसंच’ हवं आहे. दोन्ही घेणं शक्य नाही. बजेट साठ हजार, ओढूनताणून पासष्ट.

घर सांगलीत, हॉल आणि दोन खोल्या. हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही आहे. नेट फायबरचं, ४० एमबीपीएस. पावसाळ्यात लाईट वरचेवर जाते, इन्व्हर्टर फक्त पंखे आणि दिव्यांना आहे. लहानपणी मीही टीव्ही गेम खेळलेय. कॅसेट फुंकून लावायची आणि भावाबरोबर कॉन्ट्रा. त्यापुढचं मला काही कळत नाही, त्यामुळे कृपया सोप्या भाषेत सांगा.

रात्रपाळी:
ताई, यंत्राचं नंतर बघू. मुलाला कोणाबरोबर काय खेळायचंय ते तुम्ही लिहिलंच आहे, आणि माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागला.

व्हॅलोरंट २०२० मध्ये पीसीवर आला आणि २०२४ मध्ये पीएस५ व एक्सबॉक्सवरही. दुकानदार म्हणेल, ‘कन्सोलवर पण आहे की’. पण कन्सोलवाल्यांचे सामने कन्सोलवाल्यांशीच होतात, पीसीवाल्यांबरोबर खेळता येत नाही. मित्र पीसीवर असतील तर तुमचा मुलगा पीएस५ घेऊनही त्यांच्यात नसेल. पन्नास हजार खर्चून पोरगं पुन्हा फोनवर ऐकतच बसलं, असं व्हायला नको. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे असेच ऑनलाइन गेम तर कन्सोलवर नाहीतच.

तुमचं नेट भरपूर आहे. ऑनलाइन खेळाला वेगापेक्षा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) महत्त्वाचा आणि या खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. राउटरपासून लॅनची वायर तेवढी टाका, वायफायवर राहू नका.

देवराई:
मी कन्सोलच्या बाजूने बोलतो, कारण इथे ती बाजू बहुधा कोणी मांडत नाही.

भारतात पीएस५ २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हाच ४९,९९० ला घेतला. तेव्हापासून यंत्रावर एक रुपया खर्च नाही. ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकत बसणं नाही, सेटिंगची झटापट नाही. नवा गेम घेतला की चालणारच, कारण बनवणाऱ्याने तो ह्याच यंत्रावर तपासलेला असतो. मी दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे असतो. घरी आल्यावर पुन्हा खुर्ची नको, सोफा हवा.

घ्याल तर डिस्कवालाच घ्या, डिजिटल नको. मोठे गेम ४,९९९ ला येतात, ते ऐकून माणूस दचकतो. पण आम्ही तिघं मित्र एक डिस्क मिळून घेतो, आळीपाळीने खेळतो आणि शेवटी विकून टाकतो. डिजिटल कन्सोलमध्ये वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडल्याशिवाय ही वाट बंद असते. एक्सबॉक्स सिरीज एस मध्येही डिस्क जात नाही.

तोटेही सांगतो. विकत घेतलेले बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी भरावी लागते, पीसीवर तसं नाही. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना मात्र ती लागत नाही. आणि माझ्या जुन्या मॉडेलमध्ये ८२५ जीबी लिहिलंय, पण हाती ६६७ च येतात. चार मोठे गेम टाकले की पुसापुशी सुरू.

टीव्हीला काहीही जोडा, सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर गेममधला माणूस उशिरा उडी मारतो आणि लोक कंट्रोलरला दोष देतात.

ग्रँटरोड_पूर्व:
मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात माझी वीस वर्षांची ये-जा आहे, दरवर्षी ओळखीच्यांचे दोन-तीन पीसी जोडून देतो. २०२३ मध्ये भाच्यासाठी जोडला होता, त्याचं बिल समोर ठेवून लिहितो:

रायझन ५ ५६०० प्रोसेसर १२,०००
मदरबोर्ड ७,०००
१६ जीबी रॅम ३,५००
आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड २१,०००
१ टीबी एसएसडी (साठवण) ४,५००
५५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) ४,०००
कॅबिनेट ३,०००

झाले ५५. त्यावर मॉनिटर ११ आणि कीबोर्ड-माऊस २, म्हणजे ६८,०००. आज हेच भाव धरू नका. २०२५ च्या शेवटापासून रॅम भयंकर चढली आहे, कारखाने आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवताहेत. त्या साडेतीन हजारांच्या रॅमला आता दुपटीहून बरेच जास्त मोजावे लागतील, एसएसडीही महागल्या आहेत. त्यामुळे मॉनिटरसकट साठ हजारांत बसवणं अवघड आहे. अशक्य नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. बाजारात ‘गेमिंग पीसी, आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, फक्त २५ हजार’ असे रंगीत दिव्यांचे डबे मिळतात. त्यातला आय७ प्रोसेसर दहा-बारा वर्षांपूर्वीचा, कुठल्यातरी ऑफिसातून उतरवलेला असतो आणि ग्राफिक्स कार्ड असतं जीटी ७३०. ते २०१४ सालचं कार्ड आहे, आणि तेव्हाही ते गेमसाठी नव्हतं. ‘४ जीबी’ हा आकडा फक्त गिऱ्हाइकाला दाखवायला. आमच्या शेजारच्या कुटुंबाने असाच डबा हप्त्याने घेतला. मुलगा तीन दिवस रडत होता आणि आईवडिलांना वाटत होतं की पोराला कशाचंच समाधान नाही. म्हणून प्रत्येक भागाचं पूर्ण नाव आणि मॉडेल नंबर कोटेशनमध्ये लिहून घ्या. ‘आय७’ एवढं पुरत नाही, पुढचे चार-पाच आकडे हवेत. बिल जीएसटीचं घ्या आणि प्रत्येक भागाचा खोका घरी आणा, वॉरंटीला सिरियल नंबर लागतो.

पैसे वाचवायचे तर कॅबिनेटमध्ये वाचवा, दिव्यांमध्ये वाचवा. एसएमपीएसमध्ये कधीही नाही. हलका एसएमपीएस जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जातो, आणि तुमच्याकडे तर लाईट वरचेवर जाते. यूपीएस लावाच. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅट देतो, गेम चालू असताना तो काठावर येतो. १००० व्हीए घ्या, शक्यतो प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा. शांतपणे बंद करण्यापुरती पाच मिनिटं मिळाली की काम झालं. अर्थात कन्सोललाही चालू असताना लाईट गेलेली आवडत नाही. पुढच्या वेळी तो साठवण तपासत बसतो.

खेळांचा खर्च मात्र पीसीवर खूपच कमी. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात भाव रुपयांत असतात, यूपीआय चालतं आणि उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये जुने चांगले गेम शे-दोनशे रुपयांतही मिळतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. एपिक हे दुसरं ऑनलाइन दुकान दर आठवड्याला काहीतरी फुकट देतं. मुलाला सांगा, पहिलं वर्षभर एकही गेम विकत न घेता भरपूर खेळता येईल.

शेवंती:
तुमचा मुलगा माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान, म्हणून मनापासून सांगते. काय घ्यायचं याइतकंच ते कुठे ठेवायचं हे ठरवा. आम्ही पीसी मुलाच्या खोलीत ठेवला. दार लागलं, हेडफोन लागले आणि आमचं बोलणंच कमी झालं. सहा महिन्यांनी टेबल उचलून हॉलच्या कोपऱ्यात आणलं. आठवडाभर धुसफूस झाली. मग एकदा जेवण झाल्यावर त्याचे बाबा मागे उभे राहून बघायला लागले, विचारायला लागले. आता शनिवारी दोघं मिळून ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळतात. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला गेम, नव्या रूपात परत आलाय.

हॉलमध्ये कन्सोल ठेवायचाही विचार केला होता, पण आमच्या सासूबाईंची मालिका साडेसातला आणि खेळायची वेळही तीच. एकच टीव्ही असेल तर हे आधी बघा. वेळेची मर्यादा दोन्हीकडे घालता येते, मुलांचं खातं तुमच्या खात्याला जोडायचं.

तिसरं_वर्ष:
मी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी ‘अभ्यासासाठी पीसी लागतो’ असं मुलं सांगतात, त्यातलं खरं तेवढं सांगतो. पहिल्या वर्षी सी प्रोग्रॅमिंग कुठल्याही जुन्या कॉम्प्युटरवर होतं. जावालाही काही अडत नाही. मोबाइल ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आलं की मात्र ८ जीबी रॅमवर जीव जातो, तिथे १६ हवीच. प्रोजेक्टच्या वेळी माझा स्वतःचा पीसी होता म्हणून रात्री काम करता आलं. कन्सोलवर हे काहीच होत नाही.

गेमिंग लॅपटॉप सुचवणार नाही. या बजेटमधला लवकर तापतो आणि पुढे त्यात रॅम-एसएसडीपलीकडे काही बदलता येत नाही. हॉस्टेलला राहणार असेल तरच वेगळा विचार करा.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. व्हॅलोरंटचं मी मुलाला विचारलं. त्याला हे माहीत होतं, पण ‘आईला वाटेल मी पीसीसाठी कारणं सांगतोय’ म्हणून बोलला नाही. ऐकून वाईट वाटलं.

कॉलेज घरून वीस मिनिटांवर, हॉस्टेल नाही. सासूबाईंची मालिका आमच्याकडेही आहेच. आणखी एक, यांच्या ऑफिसातून जुना कॉम्प्युटर फुकट मिळतोय. आय५, चौथी पिढी, चपटा डबा, २२ इंची मॉनिटर आणि कीबोर्ड-माऊससकट. त्यातच ग्राफिक्स कार्ड बसवलं तर? आणि धाकटीचं काय, तिला मी काय सांगू?

ग्रँटरोड_पूर्व:
चपट्या डब्यात नेहमीचं कार्ड मावत नाही. बुटकं, लो प्रोफाइल लागतं, आणि त्यातल्या छोट्या एसएमपीएसवर ७५ वॅटच्या वरचं कार्ड चालवू नये. जीटीएक्स १६५० बुटक्या रूपात मिळतं आणि व्हॅलोरंट त्यावर छान चालेल. पण चौथ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० ला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तीन वर्षांच्या डिप्लोमासाठी त्या डब्यात पैसे घालू नका. त्यातली रॅमही डीडीआर३ आहे, नव्या बोर्डात बसणार नाही.

पण ताई, मॉनिटर आणि कीबोर्ड-माऊस घ्या! तिथेच तुमचे तेरा हजार वाचले. मॉनिटरच्या मागे डीव्हीआयचं पांढरं तोंड आहे का बघा. असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय अशी साधी वायर मिळते, वेगळा डबा लागत नाही. फक्त निळं व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागेल.

धाकटीसाठी: पीसी हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी ठेवा. ग्राफिक्स कार्डला एकापेक्षा जास्त तोंडं असतात. एक वायर मॉनिटरला, दुसरी टीव्हीला. ‘इट टेक्स टू’ पीसीवरही आहे. एकाने कीबोर्ड घ्यायचा, एकाने कंट्रोलर, म्हणजे एकच कंट्रोलर पुरतो.

मुठाकाठ:
धाकटीसाठी माझी एक भर. ‘राजी’ नावाचा गेम बघा. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० साली आलेला. लहान भावाला असुर पळवून नेतात आणि बहीण त्याला सोडवायला निघते. दुर्गा, विष्णू, भिंतींवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेल्या गोष्टी. माझ्या मुलीने पहिल्यांदाच स्क्रीनवर आपल्यासारखी दिसणारी मुलगी लढताना पाहिली आणि मला हाक मारून बोलावलं. लढाई थोडी कठीण आहे, सोपा स्तर असेल तर तो निवडा. पीसीवर आहे, कन्सोलवरही.

देवराई:
कन्सोलवाला असूनही सांगतो, तुमच्या घराला पीसीच बरोबर आहे. सोनीचे स्पायडर-मॅन, गॉड ऑफ वॉर हे गेम आता पीसीवरही आले आहेत, तेव्हा मुलाचं मोठं काही चुकत नाही. फक्त उशीर होतो. जीटीए ५ हा गेम कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला. तेवढा धीर असला की झालं.

कृष्णाकाठ:
तीन आठवड्यांनी लिहितेय. पीसी आला. दुकानदाराकडून प्रत्येक भागाचा नंबर लिहून घेतला. पहिल्या कोटेशनमध्ये एसएमपीएसच्या जागी नुसतं ‘५०० वॅट’ होतं, कंपनीचं नाव नाही. ते बदलून घेतलं. एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबीची घेतली, रॅम १६ च ठेवली. सगळे मिळून ६१,४००. यूपीएस पुढच्या महिन्यात येईल, तोवर ढग दाटले की बंद करायचा असा नियम केलाय. मॉनिटरला डीव्हीआय निघालं, वायर लगेच बसली.

टेबल हॉलमध्ये, टीव्हीच्या डाव्या बाजूला. नऊनंतर तासभर मुलगा मित्रांबरोबर असतो. काल पहिल्यांदा त्याचा मोठ्याने हसल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. आत्याने जुना कंट्रोलर पाठवून दिलाय. रविवारी दुपारी टीव्हीवर धाकटी ‘राजी’ खेळत होती आणि भाऊ शेजारी बसून कुठे उडी मारायची ते सांगत होता. सासूबाई मध्येच म्हणाल्या, ‘अगं, ती दुर्गा आहे ना?’ आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

मुठाकाठ, तो वडाच्या झाडाशेजारचा दरवाजा कसा उघडतो हो? तिघं मिळून दोन दिवस अडकलेत.