नॉरफोक (इंग्लंड): सासऱ्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा सापडेना

प्रश्न: सासरची वंशावळ काढायला घेतलीय. (नवरा म्हणतो, दुसरे उद्योग नाहीत का?) सासऱ्यांचे पणजोबा शेतमजूर. 1851 च्या जनगणनेत वय 27, जन्मगाव स्वॉफम. तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आमच्या आडनावाचं 1820 ते 1828 मध्ये कुणीच नाही. त्यांच्या लग्नाच्या दाखल्यावर वडिलांच्या रकान्यात नुसती रेघ आहे. दाखला नीट भरला नसेल का?

उत्तर: ताई, ती रेघच तुमचं उत्तर असू शकते! आई अविवाहित असली की तो रकाना बरेचदा रिकामाच सुटायचा. आडनाव सोडा, पहिल्या नावावरून शोधा. 1813 पासून बाप्तिस्म्याच्या वह्या छापील आहेत. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात ‘सिंगल वुमन’ (अविवाहित बाई) दिसतंय का बघा. दिसलं तर नॉरिचच्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसात पॅरिशचे (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावकारभाराचे) गरीब-मदतीचे कागद मागवा. पोराचा खर्च पॅरिशवर पडू नये म्हणून बापाचं नाव वदवून घेत, त्याच्याकडून दर आठवड्याला पैसे वसूल करत. ते कागद टिकले असतील तर नशीब.

दुसरं उत्तर: मेथडिस्ट वगैरे, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या पंथाचे असतील तर चर्चच्या वहीत कदाचित मिळणार नाहीत. चॅपलच्या (त्या पंथांच्या प्रार्थनाघरांच्या) बऱ्याच जुन्या वह्या लंडनला, क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. आणि 27 वर फार विसंबू नका, वय अंदाजे सांगायचे.

प्रश्नकर्ती: सापडलं! फेब्रुवारी 1823, ‘सिंगल वुमन’. आडनाव आईचं, आमचं नव्हेच. आता सासऱ्यांना सांगू कसं?