मदत हवी आहे: आईच्या मेंदूतला रक्तस्राव बीपीमुळे की अमिलॉइडमुळे? एमआरआयवरून कसं ठरवतात?

कवठाचं_झाड

नमस्कार मंडळी. एरवी पाककृतींच्या धाग्यांवर वाचनमात्र असते. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

आई ७३ वर्षांची. ती सांगलीत भावाकडे असते, मी पुण्यात. बीपी बारा वर्षांपासून आहे, एकच गोळी चालू. आकडे वहीत लिहून ठेवते आणि १४० च्या वर क्वचितच गेलेले आहेत. साखर नाही. दोन वर्षांपूर्वी हाताला मुंग्या आल्या होत्या, तेव्हापासून ॲस्पिरिन ७५ ही रक्त पातळ करायची गोळी चालू होती.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी डोकं दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या. पित्त समजून कोकम सरबत दिलं. दुपारी वहिनीने ताट वाढलं. आईने भाजी, आमटी, पोळी सगळं खाल्लं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. वहिनीला वाटलं चटणी तिखट झाली. संध्याकाळी दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटला, तेव्हा लक्षात आलं की आईला डावीकडचं काही दिसतच नाहीये.

सीटीत उजव्या बाजूला, डोक्याच्या मागच्या भागात रक्तस्राव निघाला, साधारण २२ मिली. ऑपरेशन लागलं नाही. सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) नॉर्मल. आता घरी आहे, चालते, बोलते, डावीकडचं मात्र अजून दिसत नाही.

तिथले फिजिशियन म्हणतात, भरती केलं तेव्हा बीपी १६८/९० होतं, म्हणजे बीपीमुळेच झालंय. महिन्याने रक्त पातळ करायची गोळी पुन्हा सुरू करू. पुण्यातल्या न्यूरोलॉजिस्टना कागद दाखवले, तर ते म्हणाले, जागा बघता मला बीपी पटत नाही, अमिलॉइड अँजिओपॅथी असू शकते, एमआरआय नीट वाचून घ्या आणि तोवर गोळी नको. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये रक्तस्रावाशिवाय एवढंच आहे: 'एसडब्ल्यूआयवर ब्लूमिंगचे काही ठिपके. वयानुरूप बदल, फाझेकास ग्रेड २.' (फाझेकास म्हणजे मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या बदलांची श्रेणी म्हणे.)

एका चित्रावरून दोन डॉक्टर दोन गोष्टी कशा सांगतात? आणि 'नीट वाचून घ्या' म्हणजे नक्की काय करायचं?

आंबोली_घाट

काकूंना लवकर आराम पडो. फिल्मबरोबर सीडी मिळाली असेल तर जपून ठेवा, सगळे डॉक्टर पुढे तीच मागतात. फिल्मवर निवडक चित्रंच छापलेली असतात.

निसर्गमित्र_६१

उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या आणि अर्जुनसालीचा काढा. रक्त पातळ राहतं, गोळ्यांची गरज पडत नाही. स्वानुभव.

पाटाचं_पाणी

@निसर्गमित्र, काका, इथे रक्त सांडलंय. ते पातळ करायचं की नाही हाच तर धाग्याचा प्रश्न आहे!

फिल्मवाचक

ताई, मी रेडिऑलॉजिस्ट आहे. आईंची चित्रं पाहिल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण काय शोधायचं ते सांगतो.

आधी तो १६८ चा आकडा बाजूला ठेवा. मेंदूत रक्तस्राव झाला की बीपी बहुतेकदा वर जातं, ज्यांना आयुष्यात कधी बीपी नव्हतं त्यांचंही. तो आकडा कारणही असू शकतो आणि परिणामही. बारा वर्षांची वही जास्त खरं सांगते.

वयस्कर माणसात बारीक रक्तवाहिन्यांमुळे रक्तस्राव होतो त्याची मुख्य कारणं दोन. पहिलं बीपी. मेंदूच्या आतल्या भागाला, म्हणजे बेसल गँग्लिया, थॅलमस, पॉन्स यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या मोठ्या धमनीतून थेट फुटतात. मुख्य कालव्यालाच भोक पाडून चारी काढावी तसं. मधे दाब उतरायला जागा नाही. वर्षानुवर्षं तो दाब सोसून त्यांच्या भिंती कडक आणि ठिसूळ होतात आणि फुटतात त्या आत, खोलवर.

दुसरं कारण अमिलॉइड. अल्झायमरमध्ये मेंदूत साठतं तेच बीटा-अमिलॉइड प्रथिन मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या आणि वरच्या आवरणातल्या लहान धमन्यांच्या भिंतीत साठतं. भिंत काचेसारखी तडकणारी होते. इथला रक्तस्राव पृष्ठभागाजवळ होतो, आणि मागच्या बाजूला या आजाराचा ओढा जरा जास्तच. (याचा अर्थ आईंना अल्झायमर आहे असा नाही. घाबरू नका.)

म्हणून न्यूरोलॉजिस्ट जागेवर अडले. पण नुसती जागा पुरत नाही, बीपीचा रक्तस्रावही कधीकधी पृष्ठभागाजवळ होतो. खरी साक्ष देतात ते रिपोर्टमधले 'काही ठिपके'.

मोठा रक्तस्राव होण्याआधी त्याच आजारी वाहिन्यांमधून कित्येकदा थेंब थेंब रक्त झिरपलेलं असतं. रुग्णाला पत्ता नसतो, सीटीत दिसत नाही. रक्त निघून जातं, त्यातलं लोह तिथेच राहतं, वर्षानुवर्षं. एसडब्ल्यूआय हा एमआरआयचा असा प्रकार आहे की लोहामुळे चुंबकीय क्षेत्रात झालेली गडबड त्यात काळी उमटते, आणि ठिपका असतो त्याहून मोठा दिसतो. त्यालाच ब्लूमिंग म्हणतात. यासाठी इंजेक्शन लागत नाही.

आता 'काही ठिपके' लिहून भागत नाही. किती आणि कुठे? सगळे पृष्ठभागाजवळ असतील आणि आत एकही नसेल, तर पारडं अमिलॉइडकडे. फक्त आत असतील तर बीपी. दोन्हीकडे असतील तर ते बहुधा बीपीकडेच झुकतं. मोजणाराही सावध हवा: आडवी कापली गेलेली शीर ठिपक्यासारखी दिसते (वरखालच्या चकत्या पाहिल्या की ती पुढे सरकताना दिसते), आणि कॅल्शियमचा खडाही काळाच दिसतो. सीटीत तो पांढरा दिसेल, रक्ताचा जुना ठिपका दिसणार नाही. तुमच्याकडे दोन्ही आहेत, ताडून बघता येईल.

दुसरी गोष्ट घाईत हमखास निसटते: सुपरफिशियल सिडेरोसिस. मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचांत जुनं रक्त पसरून काठाला पेन्सिलीने गिरवल्यासारखी काळी रेघ दिसते. ती असेल तर अमिलॉइडचा संशय बळावतो आणि पुन्हा रक्तस्राव व्हायचा धोकाही वाढतो. रिपोर्टमध्ये याबद्दल 'आहे' किंवा 'नाही' असं काहीच नाही, हे मला खटकलं.

हे सगळं जुळवायला बॉस्टन निकष वापरतात, सध्या २०२२ ची दुसरी आवृत्ती. वय ५० च्या वर, पृष्ठभागाकडे रक्तस्रावाच्या किमान दोन खुणा (मोठा रक्तस्राव, ठिपके, सिडेरोसिस, काहीही मिळून), आत खोलवर एकही नाही आणि दुसरं कारण सापडत नाही, तर 'प्रोबेबल', म्हणजे बहुधा अमिलॉइडच. खूण एकच असेल, तर पांढऱ्या भागातले विशिष्ट बदल जोडीला धरतात: वाहिन्यांभोवतीच्या पोकळ्या वरच्या भागात खूप रुंदावलेल्या, किंवा विखुरलेले पांढरे डाग दहापेक्षा जास्त. लहान मेंदूतला ठिपका कुठल्याच बाजूने धरत नाहीत. नक्की निदान मृत्यूनंतर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होतं, त्यामुळे जिवंत माणसात 'प्रोबेबल'वरच थांबायचं. एमआरआय शक्य नसेल तर २०१८ पासून सीटीवरचे एडिनबरा निकषही आहेत.

आता माझा प्रश्न. 'हाताला मुंग्या' हे तुम्ही एका ओळीत उडवलंय. नेमकं काय झालं होतं? किती वेळ? एकाच जागी होत्या की सरकत गेल्या?

कवठाचं_झाड

बापरे, इतकं सविस्तर! भावाला फोन करून विचारलं. दोनदा झालं होतं, महिन्याभराच्या अंतराने. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांपासून मुंग्या सुरू झाल्या, हळूहळू मनगट, कोपर, आणि मग ओठाची डावी बाजू. आई म्हणते, 'मुंगळ्यांची रांग चढावी तसं.' दहा मिनिटांत थांबलं. दुसऱ्या वेळी चहाचा कप हातात होता, तो पडलाही नाही. डॉक्टर म्हणाले मिनी स्ट्रोक, आणि ॲस्पिरिन सुरू झाली. तेव्हा एमआरआय काढला नव्हता.

फिल्मवाचक

हे तुमच्या न्यूरोलॉजिस्टना आजच सांगा. मिनी स्ट्रोकमध्ये सहसा सगळं एकदम होतं, हात एका झटक्यात बधिर पडतो. मिनिटामिनिटाने सरकत जाणाऱ्या मुंग्या, त्याही पुन्हा पुन्हा तशाच, हे अमिलॉइडच्या रुग्णांत दिसतं. खाचेत सांडलेल्या थोड्याशा रक्ताने वरचा मेंदू चाळवला जातो. अर्धशिशीतही असं होतं, फिटमध्येही. पण सत्तरीनंतर असं काही झालं तर ॲस्पिरिनच्या आधी एसडब्ल्यूआय बघावं या मताचा मी आहे.

एमआरआय काढलेल्या सेंटरला चित्रं पुन्हा वाचायला सांगाल, तेव्हा हेही विचारा: उजव्या सेंट्रल सल्कसमध्ये सिडेरोसिस आहे का? डाव्या हाताची जाणीव तिथे, त्या खाचेलगत असते.

लेस्टरकर

आमची उलटी गोष्ट. बाबांना २०२० मध्ये थॅलमसमध्ये रक्तस्राव झाला. बीपी कधी धड सांभाळलंच नव्हतं, आणि हृदयात स्टेंट. एमआरआयवर ठिपके सगळे आतच. इथल्या डॉक्टरांनी बीपी आवळलं आणि काही आठवड्यांनी ॲस्पिरिन पुन्हा सुरू केली. आम्ही घाबरलो होतो. तेव्हा त्यांनी रीस्टार्ट नावाच्या ब्रिटिश चाचणीबद्दल सांगितलं, २०१९ ची. अशा गोळ्या आधीपासून चालू असलेले ५३७ रुग्ण. गोळी पुन्हा सुरू केलेल्या २६८ पैकी १२ जणांना परत रक्तस्राव झाला, न सुरू केलेल्या २६८ पैकी २३ जणांना. म्हणजे भीती वाटत होती तसं तरी घडलं नाही. पण बाबांकडे स्टेंट होता, गोळीला ठोस कारण होतं. काकूंना ती ज्या कारणासाठी दिली, तेच आता डळमळलंय ना?

फिल्मवाचक

@लेस्टरकर, अगदी. त्या चाचणीत अमिलॉइड आणि सिडेरोसिसवाले इतके थोडे होते की त्यांच्याबद्दल ठाम काही काढता येत नाही. पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण एकत्रित अभ्यासांत अमिलॉइडमध्ये वर्षाला शंभरात ७ च्या आसपास आहे, बाकीच्यांत १ च्या. कारण शोधायची खटपट त्यासाठीच. आणि बीपी दोन्हीकडे उतरवायचंच, अमिलॉइड निघालं म्हणून वही बंद करायची नाही.

पाटाचं_पाणी

थोडं अवांतर. आपल्याकडे 'मेंदूत गुठळी' हा एकच शब्द दोन्हीला वापरतात. वाहिनी बुजवणारी गुठळी वेगळी आणि वाहिनीबाहेर सांडून साकळलेलं रक्त वेगळं. माझ्या मावशीच्या वेळी 'गुठळी आहे' एवढंच ऐकून मामा रक्त पातळ करायच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांच्या मागे लागला होता. घरच्या सगळ्यांना 'रक्तस्राव' हाच शब्द सांगा.

कवठाचं_झाड

बारा दिवसांनी अपडेट देतेय, उशिराबद्दल क्षमस्व.

सीडी घेऊन भाऊ त्याच सेंटरवर गेला. तिथल्या मॅडमनी कपाळाला आठी न घालता अर्धा तास बसून पुन्हा वाचलं आणि पुरवणी रिपोर्ट दिला, पैसेही घेतले नाहीत. ११ ठिपके पृष्ठभागाजवळ, बरेचसे मागच्या बाजूला. बेसल गँग्लिया, थॅलमस, पॉन्समध्ये एकही नाही. लहान मेंदूत एक. आणि सिडेरोसिस उजव्या सेंट्रल सल्कसमध्ये आणि त्याच्या शेजारच्या खाचेत. @फिल्मवाचक, ती ओळ वाचून माझ्या अंगावर काटा आला.

न्यूरोलॉजिस्टच्या मते प्रोबेबल अमिलॉइड अँजिओपॅथी. ॲस्पिरिन बंद. बीपी १३०/८० च्या खाली ठेवायचं, त्यासाठी दुसरी गोळी जोडली. गुडघ्यासाठी आई अधूनमधून डायक्लोफेनॅक घ्यायची (हे आम्हाला आत्ता कळलं!), ती बंद, लागली तर पॅरासिटामॉल. मुंग्या पुन्हा आल्या तर घरच्या घरी ॲस्पिरिन द्यायची नाही, आधी त्यांना फोन. निदानाची चिठ्ठी आईच्या पर्समध्ये आणि भावाच्या मोबाइलमध्ये ठेवलीय, कारण उद्या पॅरालिसिस समजून कुणी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला निघालं तर त्यांना हे आधी कळायला हवं.

सांगलीच्या फिजिशियनना पुरवणी रिपोर्ट दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, मुंग्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणाले, आणि आपल्याच चिठ्ठीवरची ॲस्पिरिन पेनाने खोडली. खरंय, आम्हीच सांगितलं नव्हतं.

नजरेचं थोडं सुधारलंय. वहिनीने आईला दिसावं म्हणून चटणी-कोशिंबीर उजवीकडे वाढायला सुरुवात केली, तर आई उखडली: 'ताट असं वाढतात का? डावीकडेच वाढ, मी मान वळवेन.' फिजिओथेरपीवाल्या ताई म्हणाल्या, आजींचं ऐका, डावीकडे मान वळवायची सवयच तर लावायची आहे.